अळणी घर

माझी जोडवी सोनाराकडून कापून काढावी लागली, तेव्हा कुठे सासरच्यांना कळलं की सून आळशी नाही, आजारी आहे. तोवर माझीसुद्धा खात्री पटत चालली होती की मी आळशीच असणार.

पन्नास-साठच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले, चामराजपेठेतल्या घरात. सासरची माणसं मराठी, पण कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन रुजलेली. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत आणि सासऱ्यांना अण्णा, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्यांचं मराठी ऐकून पहिले काही दिवस मी पदर तोंडाला लावून हसायची. 'स्वल्प भात घे गं' म्हणजे थोडा भात घे, आणि 'सरी' म्हणजे बरं, ठीक. पुण्याची ना मी, मला वाटायचं भाषा आपल्याला तेवढी येते! आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनियर. घरात आम्ही चौघंच, त्यामुळे कामाचा डोंगर होता असंही म्हणता येणार नाही.

तरी मला ते होईना. वाळवणाची परात घेऊन गच्चीवर जायचं म्हटलं की अर्ध्या जिन्यात बसायची. पाण्याची बादली उचलली की छातीत धडधडायला लागायचं, अगदी गळ्यापर्यंत. आडवं झालं की खोकला. उशांवर उशा रचून, भिंतीला टेकून झोपायची, आणि ह्यांनी विचारलं की सांगायची, 'उकडतंय हो.' आता त्या काळच्या बंगळूरात, जिथे घरात पंखासुद्धा नव्हता आणि सकाळी शाल घेऊन चूल पेटवावी लागे, तिथे उकडतंय म्हणणारी मी! हे बिचारे खिडकी उघडून द्यायचे आणि स्वतः कुडकुडत पडायचे.

मग पाय सुजले. आधी संध्याकाळी सुजायचे आणि सकाळी उतरायचे, नंतर उतरेनात. जोडवी बोटांत रुतली. सोनारानं ती कापली तेव्हा अक्कांनी तोंड फिरवून घेतलं. सवाष्णीच्या पायातली जोडवी अशी कापणं त्यांना बघवेना. पण घरी येताना त्या रागावल्या त्या माझ्यावर नाही, स्वतःवर. 'मी म्हणत होते पोर जडावलीय, बाळसं धरतेय. डोळे फुटले होते का माझे!' त्याच पावली त्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर कानडी, वयस्क, दोन गल्ल्या सोडून त्यांचा दवाखाना. आमच्यासारख्या घरांत हिंडून त्यांना मोडकंतोडकं मराठी यायचं. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खळगा पडला तो पडलाच, कणकेत बोट रुतावं तसा. मग गळ्याच्या शिरा बघितल्या, छाती ऐकली, बराच वेळ ऐकली. म्हणाले, 'लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते?' मी चाट पडले. सुजले होते तर! आठ-नऊ वर्षांची असताना गुडघा झाला की कोपर, कोपर झालं की घोटा. आई तेल लावून शेकायची. बरं वाटल्यावर आम्ही सगळे ते विसरूनही गेलो होतो.

'तो ताप सांध्यांतून गेला, पण हृदयात खूण ठेवून गेला,' डॉक्टर म्हणाले. हृदयातली एक झडप आक्रसली होती. रक्त पुढे सरकेना, मागे फुप्फुसात तुंबून राही, म्हणून आडवं झालं की जीव घुसमटे. अंगात पाणी साठे, म्हणून पाय सुजत. इंग्रजीत त्यांनी ह्यांना 'हार्ट फेल्युअर' असं सांगितलं आणि हे पांढरेफटक पडले. त्यावर डॉक्टर हसले. 'अहो, फेल म्हणजे बंद पडलं असं नाही. दमलंय. जेवढं काम हवं तेवढं त्याच्याकडून होत नाही. आपण त्याचं ओझं कमी करायचं.'

ओझं कमी करायचं म्हणजे काय, तर रोज एक गोळी हृदयाला जोर यावा म्हणून. आठवड्याला एक सुई पाणी काढायला, जी घेतली की दिवसभर मी मोरीतून बाहेर नसे. जिना नाही, बादली नाही. आणि मीठ बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, म्हणून बंद. स्वयंपाकात नाही, लोणचं नाही, पापड नाही, ताकात चिमूटभरसुद्धा नाही. आणि खरा उपाय वेगळाच होता. मद्रासकडे एका मोठ्या इस्पितळात एक सर्जन हृदयात बोट घालून ती झडप मोकळी करत. नवीनच होतं ते तेव्हा. पण त्यांच्याकडे पाठवायचं तर आधी अंगातलं पाणी उतरून तसंच उतरलेलं राहायला हवं. 'सुजलेल्या पेशंटला ते हात लावणार नाहीत. सूज उतरली की मी चिठ्ठी देतो. तोवर,' आणि इथे डॉक्टर अक्कांकडे न बघता बोलले, 'मूल नको. ऑपरेशनशिवाय मूल म्हणजे हिचा जीव.'

अक्कांना हा एकुलता एक मुलगा. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ह्या घरात येऊन मी दिलं काय, तर दुखणं. पुण्याहून हुंड्याऐवजी दुखणंच घेऊन आले. पण अक्का उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, 'सरी. मीठच ना? नाही खायचं. त्यात काय मोठं!'

घरी आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं. एकीच्या ताटात अळणी आणि बाकीच्यांच्या ताटात चविष्ट, असला पंक्तिप्रपंच आपल्या घरात चालायचा नाही. जे सुनेला ते सगळ्यांना. लोणच्याच्या बरण्या शेजारणीकडे गेल्या, पापडांचा डबासुद्धा गेला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, 'अक्का, माझ्यापायी सगळ्यांना कशाला?' तर म्हणाल्या, 'गप बैस. तुझ्यासमोर आम्ही लोणचं चाटायचं आणि तू आमच्या तोंडाकडे बघायचं?'

काय सांगू ते जेवणाचे दिवस! आमटी म्हणजे पिवळं पाणी. भाजी घशाखाली उतरेना. हे मुकाट्यानं जेवायचे, इंजिनियर माणूस, ठरलं म्हणजे ठरलं. अण्णांचे मात्र फार हाल झाले. आयुष्यभर हुळी-सारावर, म्हणजे कानडी पद्धतीच्या आंबट-तिखट आमट्यांवर पोसलेला तो जीव, एकेक घास पाण्याबरोबर ढकलायचा आणि वर माझ्याकडे बघून म्हणायचा, 'छान झालंय हं आज.' संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायचे ते हॉटेलात डोसा खाऊन यायचे. त्यांच्या मिशांना सांबाराचा वास यायचा. अक्का ओळखून असायच्या, डोळे वटारायच्या, आणि अण्णा चोरासारखे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणायचे, 'माफ कर हं पोरी.' म्हणजे बघा! मी त्यांचं जेवण बेचव केलेलं, आणि माफी ते मागत होते. मला ताटावर बसायचीच लाज वाटायला लागली. भूक नाही म्हणून मी अर्ध्यावर उठायची, तर अक्का बळेबळे बसवायच्या.

पण सूज उतरायला लागली होती. उशा कमी झाल्या. नडगीवरचा खळगा उथळ झाला. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर चिठ्ठी देतो.

आणि मग एके दिवशी आमटीला चव आली. म्हणजे खारट नव्हे, पण चव. अण्णांनी भुरका मारला आणि थांबले, पुन्हा मारला. 'आज काय केलंस?' अक्का म्हणाल्या, 'लिंबू, ओला नारळ, कोथिंबीर. जीभ लागतेय आता वळणावर.' डॉक्टरांनीही सांगितलं होतंच, थोड्या दिवसांनी जिभेला सवय होते, जिन्नसाची मूळची चव कळायला लागते. मला खरंच वाटलं. अण्णा घरी पोटभर जेवू लागले, हे दुसऱ्यांदा आमटी मागू लागले, आणि माझा जीव भांड्यात पडला. किती तरी दिवसांनी मी ताठ मानेनं पानावर बसले.

पुढच्या सुईला गेले तर पाय पुन्हा सुजलेले. त्याच्या पुढच्या खेपेला जास्त. पुन्हा भिंतीला टेकून बसणं आलं, दुपारची वामकुक्षीसुद्धा बसल्या बसल्या. डॉक्टरांनी सुई वाढवली, चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, 'चोरून काय खाता?' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अळणी खाऊन खाऊन जीव गेला आणि वर हे ऐकून घ्यायचं! मी काही बोलायच्या आत अक्काच फणकारल्या, 'माझी सून चोरून खाणाऱ्यांतली नव्हे.'

मग एकादशी आली. अक्कांची एकादशी कधी चुकली नाही. मला उपास करायला डॉक्टरांची मनाई होती, पण अक्कांनी आपल्यासाठी केलेली वरी आणि दाण्याची आमटी समोर दिसली आणि माहेरची आठवण झाली. म्हटलं, घासभर द्या. पहिला घास तोंडात घातला आणि मी तशीच थांबले. रोजच्या आमटीची चव होती ती. तीच, अगदी तीच. उपासाच्या पदार्थात असते ती.

शेंदेलोण!

आपल्याकडे उपासाला साधं मीठ चालत नाही, शेंदेलोण, म्हणजे सैंधव, चालतं. ते मीठ धरतच नाहीत. मीठ म्हणजे समुद्राचं, ते पानात वाढतात. आणि शेंदेलोण म्हणजे खड्यांचं, औषधांच्या दुकानातून आणतात, वैद्यही देतात. माझ्या आईनंही हेच केलं असतं. सगळं घर अळणी खातंय, म्हातारा नवरा घास ढकलतोय, सून अर्ध्यावरून उठतेय, हे बघून त्या माउलीनं तिच्या परीनं तोड काढली होती. देवाला चालतं ते सुनेला का चालू नये?

मी घास गिळला आणि गप्प बसले. काय बोलणार? 'अक्का, तुम्ही मला रोज थोडंथोडं मारताय' असं? त्या समोर बसून मायेनं मला खाताना बघत होत्या, 'आणखी स्वल्प देऊ का' विचारत होत्या. मी मनाशी ठरवलं, ह्यांना कळूच द्यायचं नाही. डॉक्टरांपुढे चोरीचा आळ आपणच घ्यायचा, आणि घरी येऊन सांगायचं, आता मला चव नकोच वाटते, लिंबूसुद्धा नको, काही घालू नका. शहाणपणाचा कोण आव होता माझा! खरं तर तिथेच, स्वयंपाकघरात, दोघीच असताना, हळू आवाजात सांगितलं असतं तर दोन टिपं गाळून विषय संपला असता. पण मला मोठं व्हायचं होतं ना, त्यागमूर्ती!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. बाकांवर ओळखीपाळखीची माणसं बसलेली, आत-बाहेर नुसता एक पडदा. अक्का बाहेर त्यांच्यातच बसल्या, आम्ही दोघं आत गेलो. डॉक्टरांनी अंगठा दाबला, पुन्हा तो खळगा. त्यांनी काही विचारायच्या आत मीच म्हटलं, 'डॉक्टर, मी लोणचं खाते. चोरून.'

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ते अजून आठवतं. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. मला वाटलं होतं रागावतील, चार शब्द सुनावतील आणि पुन्हा तसं करू नका म्हणतील. ते रागावले नाहीत. शांतपणे ह्यांना म्हणाले, 'मग मी चिठ्ठी देणार नाही. ज्या बाईला जीभ आवरत नाही तिला पाठवून मी तिथली जागा का अडवू? दुसरा कुणी जगेल तिथे.'

हे तर मी धरलंच नव्हतं. आता मागे फिरायचं कसं?

तेवढ्यात अक्का पडदा सारून आत आल्या. त्या कानडीत बोलल्या, तावातावानं, आणि एव्हाना मला कानडी सगळं कळत होतं. 'खोटं बोलतेय ही. माझ्या घरात लोणचं नाही. मी माझ्या हातानं बरण्या शेजारी दिल्यात. ही मी वाढीन तेवढंच खाते, त्यातलंही अर्धं ठेवते. काय म्हणून आळ घेतेय देव जाणे!'

'मग तुम्ही काय वाढता अम्मा?' डॉक्टरांनी विचारलं.

अक्कांनी बोटांवर मोजत सांगितलं. भात. तूरडाळ. लिंबू, गूळ, ओला नारळ. आणि मग, कौतुकानं, आपली युक्ती डॉक्टरांनाही सांगावी तशी, 'आणि स्वल्प सैंधव. मीठ नव्हे हो, उपासाचं सैंधव.'

मी डोळ्यांनी डॉक्टरांना विनवत होते, नका सांगू, नका सांगू. पण ते डॉक्टर, ते सांगणारच. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी हळू म्हणाले, 'अदू उप्पे, अम्मा.' तेही मीठच आहे.

बाहेरच्या बाकावरून कुणीतरी खुसकन हसलं.

अक्का आधी हसणाऱ्याच्या दिशेनं वळल्या, मग माझ्याकडे. मी खोटं का बोलले ते त्यांना तेव्हा कळलं. मला आधीच कळलं होतं हेही कळलं. त्यांना वाचवायला गेले आणि चारचौघांत त्यांच्याच तोंडून त्यांचा गुन्हा वदवून घेतला मी. गुन्हा कसला, माया होती ती, पण त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते गुन्हेगाराच्याच तोंडावर दिसतं. घरात शिरल्यावर त्यांनी शेंदेलोणाची पुडी मोरीत ओतली, वर पाणी ओतलं, आणि ओतत राहिल्या. मी मागून जाऊन म्हटलं, 'अक्का, तुम्हाला काय माहीत होतं?' त्या म्हणाल्या, 'बाजूला हो, पाय ओले होतील तुझे.'

पुढचं सगळं चांगलंच झालं. घर पुन्हा अळणी झालं, सूज उतरली ती उतरलीच, चिठ्ठी मिळाली. सर्जननं माझ्या हृदयात बोट घातलं, झडप मोकळी झाली, आणि शुद्धीवर आल्यावर कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी उशीशिवाय आडवी झाले. काय ते सुख! डॉक्टरांनी सांभाळून का होईना, पण थोडं मीठ खायची परवानगी दिली. दोन वर्षांनी मुलगीही झाली, डॉक्टरांच्या नजरेखाली, सुखरूप. अक्कांनी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा त्या ओक्साबोक्शी रडल्या. मला वाटलं, फिटलं, झालं एकदाचं.

पण मी इस्पितळातून आले त्या दिवसापासून अक्कांनी स्वयंपाकात मीठ घातलं नाही. स्वयंपाक त्याच करायच्या, आमटी, भाजी, कोशिंबीर, सगळं. शेवटी चुलीपासून दोन पावलं मागे सरायच्या आणि हाक मारायच्या, 'ये गं, मीठ घालून जा.' मी न्हाऊन केस पुसत असले तरी, मुलीला पाजत असले तरी. पाहुणे आले तरी तेच. एखाद्या दिवशी मी घरात नसले तर अण्णांना हाक जायची, आणि अण्णांना मिठाचा अंदाज कसला, मूठभर घालायचे. सगळे चेष्टा करायचे, 'अक्का मीठ विसरल्या.' त्याही हसायच्या. एकादशीला त्या नुसत्या फळांवर राहू लागल्या.

मी कितीदा म्हटलं असेल, रागावून, लाडानं, कधी भांडून. मुलगी शाळेत जायला लागल्यावर एका सकाळी तर मी हट्टालाच पेटले. मिठाचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, 'आज तुम्हीच घालायचं. मला तुमच्या हातची आमटी हवी. इतकी वर्षं झाली, मी ठणठणीत आहे, आता पुरे करा ना हो अक्का!' माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनाही ते दिसलं असावं, कारण नेहमीसारखं त्यांनी मला उडवून लावलं नाही. चिमूट उचलली. आमटी उकळत होती. चिमूट धरलेला हात पातेल्यावर गेला.

अक्कांनी खाली माझ्या पायांकडे बघितलं. दोन्ही पायांकडे, नीट निरखून. मग मीठ परत डब्यात टाकलं, बोटं पदराला पुसली, आणि म्हणाल्या, 'तूच घाल बाई.'